खाटेपुरता खड्डा

अख्खं घर एका लेव्हलला आणायचं, ही आयडिया माझी! हे मी परवापर्यंत छाती पुढे काढून सगळ्यांना सांगत होते.

आमच्या राहनाळच्या घरात बाहेरच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर वीतभर उंच. वीतभर म्हणजे ते काय मोठं! पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला आणि त्या पायरीचा डोंगर झाला. सात महिने आई बाहेरच्या खोलीत, खाटेवर. तिथूनच हाका. "सोनल, चहा!" "सोनल, भाजी करपली गं!" दिवसातून चाळीस वेळा. आणि हाक नसली की स्वयंपाकघराच्या दाराकडे नुसत्या बघत बसायच्या. ते मला बघवायचं नाही.

म्हणून शेलार गावचा चिंधू मिस्त्री बोलावला. बाहेरच्या खोलीत वीतभर भराव, वर नव्या लाद्या, घराच्या पुढच्या दारात पायरीऐवजी उतार. चार दिवसांचं काम. धुळीत दहा महिन्यांचं बाळ नको, म्हणून भूषणला घेऊन मी खारबावला माहेरी निघाले. आईंनाही म्हटलं, चला.

"मी न्हाय हलनार! हे घर बांधलं तवा घमेली मी वाहिलीत. घरचं मानूस उठलं की मिस्त्री सिमेंट कमी घालतो!"

मी रोज फोन करायचे. "चिंधूदादा, काम कसं चाललंय?"

"एकदम लेव्हल, वहिनी!"

"आणि आई?"

"आपल्या जागेवर हायत!"

मी निश्चिंत. मला काय माहीत, माणूस इतकं खरं बोलतोय!

चौथ्या दिवशी मागच्या दाराने घरी आले. भूषणसाठी गॅसवर दूध ठेवलं आणि कौतुकाने बाहेरच्या खोलीत वळून बघितलं. लाद्या अशा चकचकीत, की बघून भांग पाडावा! आणि कोपऱ्यात खाटेच्या मापाचा चौकोनी खड्डा. खड्ड्यात खाट. खाटेवर आई. पाय वरच्या लादीवर, गुडघे हनुवटीला. आटलेल्या विहिरीतल्या कासवासारख्या टुकूटुकू बघतायत!

"चिंधूदादा, हे काय?"

"त्या खाट हलवून देतील तर ना! ओल्या कामावर टाकलेल्या फळीवरून शेजारच्यांच्या मोरीला जायच्या, तेव्हापण दम देऊन. ‘खाटेला हात लावशील तर बघ!’ मग मी कडेकडेनं लाद्या बसवल्या. पण फिनिशिंग बघा, वहिनी!"

ज्यांच्यासाठी घर सपाट केलं, त्याच तेवढ्या खड्ड्यात!

माझा नवरा राकेश रोज रात्री तो खड्डा बघत होता, पण त्याला वाटलं, शेवटी भरतील. तो गोदामात कामाला. त्याचं डोकंही तिथंच. "चार माणसं आणतो. आईला मालाच्या पॅलेटवर घेऊन उचलू."

"मी काय माल हाय?" खड्ड्यातून आई कडाडल्या.

"नायतर मी एक करतो," चिंधू म्हणाला, "वर यायला एक मस्त पायरी बांधून देतो."

पायरी! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात भूषणचा चेंडू गडगडत खड्ड्यात गेला. चेंडूमागे भूषण निघाला. मी त्याचा पाय धरला, राकेशने माझी ओढणी. आणि या सगळ्यात दूध उतू गेल्याचा वास आला!

मी उठेपर्यंत मागून खडखड. आईंनी वॉकर वरच्या लादीवर रोवला, "हं!" केलं आणि उभ्या! तशाच खडखडत माझ्या शेजारून सरळ स्वयंपाकघरात. कुठंही न अडखळता! गॅस बंद.

आईंनी ओट्यावरून हळूच हात फिरवला. सात महिन्यांनी. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी मसाल्याचा डबा उघडला, हुंगला.

"ह्यो मसाला कुनी भाजला? कच्चा हाय."

डोळे आपोआप कोरडे झाले.

त्या आत आहेत तोवर राकेश आणि चिंधूने धावपळ करून खाट उचलली, खड्डा भरायला घेतला. एवढी घाई करायची काही गरज नव्हती. आई रात्री जेवणं होईपर्यंत बाहेर आल्याच नाहीत! आठवड्यात सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या. माझ्याच घरात मला मीठ सापडत नाही.

आत्ता भूषणला कुशीत घेऊन, आईंच्या खाटेवर पाय पसरून मी हे लिहितेय. घरात आता एवढीच जागा निवांत उरलीय. आतून आल्याच्या चहाचा वास आला, म्हणून मी लाडात येऊन विचारलं, "आई, माझा चहा इकडेच द्याल?"

"ये की उठून!" आतून आवाज आला. "आता काय मधे पायरी हाय?"