पावणेदोन रुपयांचा निकाल

हैदराबादेत कोठी भागातल्या बँकेनं हणमंतरावांचे पावणेदोन रुपये कापले, तेव्हा ते आधी हसले. चूक असेल, म्हणाले.

चूक नव्हती. त्यांचं खातं बँकेच्या नांदेड शाखेतलं. पैसे मात्र ते वर्षानुवर्षं कोठीत काढत. छप्पन सालच्या एक नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, नांदेड हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलं आणि बँकेनं ‘परराज्य आकार’ लावला.

“अहो, मी जागचा हाललो नाही, खातं हाललं नाही. हालली ती सरहद्द! तिच्याकडून वसूल करा की!”

“सरहद्दीचं आपल्याकडं खातं नाही,” कारकून म्हणाला.

घरी सुशीलाबाई पोळ्या लाटत होत्या. “सोडा की पावणेदोन रुपये. आधी तुमच्या हापिसातल्या अर्जाचं बघा.”

तो अर्ज महत्त्वाचा होता. सरकारी कचेऱ्यांतल्या मराठी कारकुनांची मुंबई राज्याकडे पाठवणी चालू होती. ‘मी कायमचा हैदराबादचा, मला इथंच ठेवावं,’ असं हणमंतरावांनी लिहून दिलं होतं. नऊ वर्षांच्या शोधानंतर जामबागेत नळ असलेलं घर मिळालं होतं. त्या नळाला सुशीलाबाई रोज हळदकुंकू वाहत.

“प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे,” हणमंतराव म्हणाले, आणि तत्त्व घेऊन एकनाथराव वकिलांकडे गेले.

वकिलांची फी पंधरा रुपये. त्यांनी बँकेचं नियमांचं पुस्तक चाळलं, सतराव्या कलमावर बोट ठेवलं. “सापडलं! तात्पुरत्या मुक्कामी आलेल्या खातेदाराला हा आकार लागू नाही. शपथपत्र करू. तुम्ही कायमचे नांदेडचे, हैदराबादेत नुसते मुक्कामाला.”

“किती दिवसांच्या?”

“एकोणीस वर्षं झाली असतील, तरी मुक्काम तो मुक्काम.”

नऊ तारखा पडल्या. एकदा कागद उर्दूत म्हणून परत, एकदा इंग्रजीत म्हणून परत. तारखेगणिक अर्ध्या दिवसाची रजा गेली. शेवटी न्यायाधीश वैतागून म्हणाले, “वादी नांदेडचा कायम रहिवासी असल्याचं शाबीत. बँकेनं पावणेदोन रुपये परत करावेत.”

हणमंतरावांनी कचेरीत पेढे वाटले. वर निकालाची शिक्क्याची नक्कल सूचनाफलकावर लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून.

साहेबांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली.

“मुबारक हो, हणमंतराव! तुम तो नांदेड के निकले मियाँ. हमकू मालूमच नै था.”

“नाही साहेब, ते फक्त बँकेपुरतं...”

“अदालत का हुकूम है. हम क्या अदालत से बड़े हैं?”

आठवड्यात नांदेडचा हुकूम हातात पडला.

सामान निघालं. सुशीलाबाईंनी नळ बंद केला, पुन्हा उघडला, थोडा वेळ वाहू दिला आणि बंद केला. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दारात रिक्षावाल्यानं ट्रंका मोजल्या. “काचीगुडा टेसन? सामान भौत है साब. पौने दो होंगे.”

हणमंतरावांनी तोंड उघडलं.

“तत्त्वाचं काही असेल,” सुशीलाबाई रिक्षात बसत म्हणाल्या, “तर आत्ताच सांगा. मी ट्रंका उतरवते.”

हणमंतरावांनी पावणेदोन रुपये काढून दिले.