मासळीच्या रांजणातले आजोबा

कोणी म्हणजे कोणी मालीवानवर विश्वास ठेवला नाही. सख्ख्या नवऱ्याने नाही, शेजारणीने नाही, सरपंचाने नाही. रोज सकाळी जिच्या हातचा उरलेला भात खातो त्या कुत्र्यानेसुद्धा नाही. (कुत्रा तर रांजणासमोर जाऊन पाय दुमडून बसायला लागला होता.) तीन आठवडे ती घसा फोडून एकच वाक्य सांगत होती, की बाबांनो, तो रांजण माझा आहे आणि त्यात मासळी आहे. चौथी शिकलेल्या बाईने सांगावं आणि शाळेची पायरी न चढलेल्याला कळावं, इतकं सोपं वाक्य. पण अख्ख्या गावाला ते जड गेलं.

सगळं सुरू झालं वासावरून. मालीवानचा नवरा थोंगदी हा सहलींचा वाटाड्या. गावाजवळच्या टेकडीवर जुनं दगडी देऊळ होतं, त्याच्या जिवावर त्यांचं घर चालायचं. शहरातली कंपनी परदेशी पाहुणे पाठवायची आणि थोंगदी त्यांना तीन दिवसांत संस्कृती, इतिहास आणि निसर्ग दाखवून परत करायचा. देऊळ म्हणजे इतिहास. भातखाचरं म्हणजे निसर्ग. मुक्काम मालीवानच्या घरी, तेव्हा मालीवान म्हणजे संस्कृती. संस्कृतीने पहाटे उठून वीस माणसांचा चिकट भात वाफवायचा, घामाने निथळायचं, आणि फोटो काढताना हसायचं.

"रांजण हलव तो," एका सकाळी थोंगदी म्हणाला. "कालच्या एका पाहुण्याला वासाने भोवळ आली."

"तुझी आई ह्याच वासात ऐंशी वर्षं जगली."

"आई कंपनीला अभिप्राय लिहून पाठवत नव्हती."

"कुठे हलवू?"

"कुठेही हलव. मला विचारू नकोस, मला इतिहास पाठ करायचाय."

रांजण कमरेइतका उंच. त्यात दीड वर्षापूर्वीची मासळी, मीठ आणि भाजलेला कोंडा लावून मुरत घातलेली. ती काही अशीतशी मासळी नव्हती. पावसाळ्यातला भिक्खूंचा वर्षावास संपला की विहाराच्या जत्रेत कच्च्या पपईच्या कोशिंबिरीची स्पर्धा व्हायची, आणि कोशिंबिरीचा जीव असतो तो ह्या मासळीच्या रसात. मागच्या वर्षी मालीवानची मासळी कोवळी राहिली आणि शेजारीण यूपिन अर्ध्या गुणाने जिंकली. बक्षिसाचा सोनेरी खलबत्ता यूपिनने ओसरीवर मांडला. तोही असा, की मालीवानने दात घासायला बाहेर यावं आणि समोर तोच चमकावा. वर्षभर मालीवानने भिंतीकडे तोंड करून दात घासले. यंदा ती समोर तोंड करून घासणार होती.

तिने रांजण हातगाडीवर घातला आणि रस्त्याच्या वळणावर, जिथे तिचं शेत सुरू होतं, तिथल्या चिंचेखाली उतरवला. कुत्र्यांनी झाकण पाडू नये म्हणून विहाराच्या मागच्या उत्सवातून उरलेली एक रंगीत पट्टी रांजणाच्या गळ्याभोवती करकचून बांधली. सकाळच्या फेरीला निघालेल्या एका पाहुण्याने तेवढ्यात तिचा फोटो काढला. तिने लक्ष दिलं नाही. हे लोक कोंबडीचाही फोटो काढतात.

चार दिवसांनी पुढची टोळी आली. वळणावर चिंच दिसली, चिंचेखाली गळ्यात पट्टी बांधलेला रांजण दिसला, आणि ड्रायव्हरने तीनदा भोंगा वाजवून स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून जोडले. त्या मुलखात झाडाला, दगडाला, कशालाही रंगीत पट्टी दिसली की ड्रायव्हर असंच करतात. पट्टी आहे म्हणजे कोणीतरी वस्तीला आहे. कोण आहे, हे विचारायची पद्धत नाही.

पण पाहुण्यांना पद्धत काय ठाऊक. एका उंच बाईने वही उघडून विचारलं, "इथे कोण असतं?"

आता 'माहीत नाही' हे दोन शब्द थोंगदीला कुठल्याच भाषेत येत नव्हते. तो म्हणाला, "सातशे वर्षांपूर्वीचे सेनापती. देऊळ बांधणाऱ्या राजाचे. त्यांच्या अस्थी ह्या रांजणात आहेत. गाव त्यांना आजोबा म्हणतं."

बाईने लिहून घेतलं. स्वतःचाच रांजण थोंगदीने ओळखला कसा नाही, असं कोणी विचारील. वीस वर्षं त्याने त्यातलं आतलं खाल्लं होतं, बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. पुष्कळ नवऱ्यांचं बायकोच्या बाबतीतही असंच असतं.

दुसऱ्या दिवशी रांजणापुढे लाल सरबताची बाटली आली, नळी घातलेली. (देव आणि भुतं बाटलीला तोंड लावत नाहीत, शिष्टाचार असतो.) बाटली यूपिनची. मग उदबत्त्या आल्या, झेंडूच्या माळा आल्या, लाकडाचे दोन हत्ती आले. मग कोणीतरी रांजणाच्या पोटावर पावडर चोळून लॉटरीच्या सोडतीचा आकडा दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही, पण ऐकू आला. मुरणारी मासळी बुडबुडते. यूपिनच्या नवऱ्याने कान लावला, सात बुडबुडे मोजले, थोडं थांबून आणखी दोन मोजले. यूपिनने बहात्तरचं तिकीट घेतलं, आणि सोळा तारखेच्या सोडतीत शेवटचे आकडे बहात्तर आले.

त्या दिवशी मालीवानची मासळी मेली आणि गावाचे आजोबा जन्माला आले.

मालीवान भांडं घेऊन रस आणायला गेली तेव्हा चिंचेखाली चटया अंथरून तीस माणसं बसली होती. तिने सरळ झाकणाला हात घातला.

"अगं अगं, काय करतेस," सरपंच सोमबत उठून उभे राहिले.

"मासळी काढतेय. माझा रांजण, माझी मासळी."

"मालीवान, आजोबांबद्दल असं बोलू नये."

"कसले आजोबा, सरपंच? काठाचा हा टवका बघा. माझ्या हातून मुसळ निसटलं तेव्हाचा आहे."

नेमका थोंगदी पाहुण्यांना घेऊन तिथे उभा. त्याने घसा खाकरला आणि पाहुण्यांच्या भाषेत टवका दाखवत म्हणाला, "हा शत्रूच्या तलवारीचा घाव."

"वास घ्या वास," मालीवान ओरडली. "सातशे वर्षांच्या सेनापतीला मासळीचा वास येतो का?"

"सातशे वर्षांत कोणालाही वास येईल," यूपिन म्हणाली. "आणि मालीवानताई, एवढी तुझी मासळी होती, तर तुला का नाही गं आकडा दिला तिने?"

लोक हसले. तेवढ्यात रांजण आतून मोठ्याने बुडबुडला, आणि हसणारे तीसही जण हात जोडून वाकले. मालीवान एकटी भांडं हातात घेऊन उभी. ड्रायव्हर शेजारच्याला विचारत होता, "किती झाले, पाच की सहा?"

घरी आल्यावर तिने नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं.

"खरं सांग. रांजण ओळखलास की नाही?"

"ओळखला."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी. जेवणात रस नव्हता तेव्हा."

"मग सांग ना लोकांना, की तू थाप मारलीस म्हणून."

"कंपनीने कार्यक्रमात घातलाय तो. देवळापेक्षा जास्त वेळ दिलाय त्याला. आज रांजण खोटा म्हटलं तर उद्या पाहुणे देवळालाही खोटं म्हणतील."

"देऊळ तू बांधलंस?"

"नाही. पण त्याच्याबद्दल मी जे सांगतो, ते मीच बांधलंय."

जत्रेला पाच दिवस उरले. मालीवानने नवं लुगडं नेसलं, फुलं घेतली, आणि विहारात जाऊन थोरल्या भंतेंसमोर गुडघे टेकले. भंते ऐंशीच्या पुढचे. त्यांनी सगळं ऐकलं, तेवढ्यात एक लहानशी झोपही काढली, आणि डोळे उघडून म्हणाले, "मासळी आहे की सेनापती, ह्यात मी पडत नाही. पण रीत सोपी आहे. ज्याने पहिली पट्टी बांधली त्याने आवाहन केलं. त्यानेच क्षमा मागून निरोप द्यायचा. मग रांजण मोकळा."

मालीवानच्या डोक्यात उजेड पडला. पहिली पट्टी कोणाची, हे काय सांगायला हवं? बाटली जिची, पट्टी तिची. यूपिनला ठाऊक होतं की यंदाची मासळी पिकलेली आहे. रांजण बंद राहिला की खलबत्ता पुन्हा तिच्याच ओसरीवर.

"आणि त्याला शिक्षा काय, भंते?"

"शिक्षा कशाला, बाई?"

"कशाला म्हणजे? तीन आठवडे मला गावाने वेडी ठरवली." तिथून ती तरातरा सरपंचांकडे गेली आणि समोर बसून कागद लिहून घेतला. पहिली पट्टी बांधणाऱ्याला यंदा स्पर्धेत उभं राहता येणार नाही. शिवाय त्याचं नाव पुढचा वर्षावास संपेपर्यंत रोज सकाळी गावच्या कर्ण्यावरून घ्यायचं.

"रोज?" सरपंच म्हणाले. "आठवडाभर पुरे झालं."

"रोज."

"उद्या आपल्यातलंच कोणी निघालं तर?"

"माझी सख्खी आई निघाली तरी रोज." आणि चौथीच्या मोठ्या गोल अक्षरात पहिली सही तिनेच केली.

जत्रेच्या तीन दिवस आधी सकाळी चिंचेखाली गाव जमलं. भंते खुर्चीवर, बाकी चटयांवर. मालीवान पुढच्या ओळीत, खलबत्ता मिळाल्यासारखी.

"बाटली माझी," यूपिन म्हणाली. "नाही कशाला म्हणू? पण मी आले तेव्हा पट्टी होती. पट्टी नसती तर मी रांजणाला कशाला सरबत पाजीन?"

"खोटं बोलतेय," मालीवान म्हणाली.

"मी त्याच्या आदल्या दिवशी भोंगा वाजवला," ड्रायव्हर म्हणाला. "पट्टी होती, भंते. पट्टी बघूनच वाजवला."

"थोंगदी?"

"मी इतिहास सांगितला तेव्हा पट्टी होती," थोंगदी म्हणाला, आणि बायकोची नजर चुकवायला म्हणून काखेतला गठ्ठा सोडला. "बरं आठवलं. कंपनीचं नवं माहितीपत्रक कालच आलंय. आपल्या गावाचं नाव पहिल्यांदा छापलंय, घ्या सगळ्यांनी."

माहितीपत्रकं चटयांवरून फिरली. फिरता फिरता बोलणं थांबत गेलं. मालीवानच्या हातात आलं तेव्हा चिंचेखाली फक्त रांजण बोलत होता.

मुखपृष्ठावर चिंच होती. चिंचेखाली रांजण होता, मोकळा, ना बाटली ना हत्ती. रांजणाला मिठी मारून एक जाडजूड बाई बसली होती, पट्टीचं एक टोक तिच्या दातात, दुसरं हातात, आणि चेहऱ्यावर असा जोर, की भक्तीशिवाय दुसरं काही वाटू नये. खाली छापलं होतं, 'पूर्वजांच्या रांजणाला पवित्र पट्टी बांधताना स्थानिक स्त्री'.

"ती झाकणासाठी होती," मालीवान म्हणाली. "कुत्र्यांसाठी."

"प्रत्येकाचं काही ना काही कारण असतंच," भंते म्हणाले.

"पट्टी म्हणजे काय, हे तुला ठाऊक नव्हतं?" सरपंचांनी विचारलं. "जन्म गेला तुझा इथे."

ठाऊक होतं. हातात पट्टी होती म्हणून बांधली, सुतळी असती तर सुतळी बांधली असती. पण हे सांगून उपयोग नव्हता. पुन्हा कोणी विश्वास ठेवला नसता.

तिने गुडघे टेकले. साऱ्या गावासमोर उदबत्ती लावून स्वतःच्या मासळीची क्षमा मागितली, तिला निरोप दिला, आणि पट्टी सोडून झाकण उचललं.

रांजण गुलाबी होता. काठापर्यंत गुलाबी, वर फेस, आणि फेसावर एक नळी.

"हे कोणी ओतलं?" तिने हळूच विचारलं. ती हळू बोलली की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जातं.

"थोडंसंच," यूपिन म्हणाली. "आजोबांच्या तोंडापर्यंत नळी पोचत नव्हती."

"मीही थोडंसंच," ड्रायव्हर म्हणाला.

"पाहुण्यांना आवडायचं," थोंगदी म्हणाला. "एकेक बाटली प्रत्येकी. झाकण जरा सरकवून." मग काहीतरी करायला हवं म्हणून त्याने बोट बुडवून चाखलं. "गोड लागतंय."

जत्रा झाली. यूपिनच्या ओसरीवर आता दोन खलबत्ते आहेत, आणि मालीवान दात घासायला मागच्या दारी जाते. रांजण चिंचेखालीच राहिला. कंपनीने पत्रकं छापली होती. शिक्षेच्या कागदावरही मालीवानची सही होती, आणि सरपंच सोमबत दुसरं काही पाळोत न पाळोत, मालीवानशी केलेला करार पाळतात. रोज सकाळी सहाला, ती भात वाफवत असते आणि पाहुणे चहा पीत असतात, तेव्हा कर्णा खरखरतो. आधी डुकरांच्या लसीची तारीख, मग कुंड्यांतलं पाणी ओतून द्या, डास होतात. मग जरा थांबून एक नाव.

"हे काय सांगतात?" कोणीतरी पाहुणा विचारतोच.

"सकाळची प्रार्थना," थोंगदी सांगतो, आणि पाहुणे कप खाली ठेवून हात जोडतात. वर कर्ण्यातून सरपंच घसा साफ करून म्हणतात, "आजोबांना परवानगीशिवाय बोलावून गावाला घोर लावणारी व्यक्ती, मालीवान."