नाश्त्यानंतर दोन तासांनी

ज्यांचा माझ्याशी परिचय नाही त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. दिवसा मी चष्म्याचं दुकान चालवतो, पण ते केवळ जगाला गाफील ठेवण्यासाठी. खरा मी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी इतकी तल्लख, की कधीकधी माझी मलाच आवरत नाही. पोलिसांनी अजून एकदाही माझी मदत मागितलेली नाही, यावरूनच ते मला किती वचकून असतात हे लक्षात यावं.

त्या शनिवारी मात्र रहस्य थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरलं.

सकाळी उठलो तर बायको घरात नाही आणि ओट्यावर चहा नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या देखत चहा पोटात गेल्याशिवाय ही बाई घराबाहेर पडणं तर सोडाच, माझ्याशी भांडलेलीसुद्धा नाही. मी स्वतःच चहा करायला गेलो, पण साखरेचा डबा सापडेना. कुणीतरी तो शिताफीने लपवला होता.

थोड्या वेळाने ती परतली.

"कुठे गेली होतीस?" मी अगदी सहज, म्हणजे एकच भुवई उंचावून विचारलं.

"आले जरा जाऊन," ती म्हणाली आणि तिने बाही खाली ओढली. पण कोपराच्या खोबणीतली छोटी गोल पट्टी घारीच्या नजरेतून सुटली नाही.

मग तिने दोघांना नाश्ता वाढला. पहिला घास घेताना घड्याळाकडे पाहिलं. खाणं उरकल्यावर पुन्हा पाहिलं.

"अहो, खा ना. गार होतंय."

घड्याळ लावून खाणं आणि वर आग्रह, याचा अर्थ एकच. विष. हळूहळू भिनणारं. तीही तेच खात होती, हा या तर्कातला एक बारीकसा दोष होता, पण मोठ्या तर्कात बारीक दोष असायचेच. तिची पाठ वळताच मी टोस्ट खिशात घातला आणि दुकानातल्या सहकाऱ्याला फोन केला. बाहेरचं जग त्याला सेल्समन म्हणतं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "साहेब, वहिनींनाच विचारा की."

"विचारणं हे हौशी लोकांचं काम."

"बरं. मग त्या मास्तरांचा चष्मा आज तयार होणार का, तेवढं तरी सांगा."

मी फोन ठेवला. तोवर दुसरा तर्क तयार होता. कुणीतरी तिला सुई टोचून तिच्याकडून गुपितं काढून घेत होतं. पण तिच्याकडची गुपितं काढायला सुई कशाला हवी? शेजारीण नुसती दारात उभी राहिली तरी पुरतं. तर्क बाद.

नाश्त्यानंतर बरोबर दोन तासांनी ती पुन्हा बाहेर पडली. टोपी आणि काळा चष्मा चढवून मी मागोमाग निघालो. ती कोपऱ्यावरच्या इमारतीत शिरली आणि मी दारावरची पाटी वाचली. रक्त तपासणी प्रयोगशाळा.

एकदा घेतलेलं रक्त पुन्हा कुणाचं मागतात? ज्याच्या पहिल्या रक्तात काहीतरी भयंकर सापडतं, त्याचं. तिने मला सांगितलं नव्हतं, म्हणजे नक्कीच फार वाईट असणार. खरं सांगतो, त्या दारात मी गुप्तहेर वगैरे कुणी राहिलो नाही. ती नसलेलं घर डोळ्यांपुढे आलं आणि मी दार ढकललं.

"तपासणीला आलात?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"हो," मी आवाज बदलून म्हणालो. नाव विचारलं तर बनावट सांगितलं.

"सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंय?"

"पाण्याचा घोट तेवढा."

"छान. पूर्ण तपासणी करू या." तिने माझ्या चष्म्याच्या दांडीला लोंबणारी किमतीची चिठ्ठी बघितली आणि आतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

मला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा आवळला. मी डोळे घट्ट मिटले. भीतीने नव्हे, गुप्तहेराला कधीकधी कानांनी पाहावं लागतं. सुई टोचली तेव्हा कुणीतरी "आई गं" म्हणालं. तो आवाज माझा होता.

"हे यांचं नाव नाहीये," शेजारच्या खुर्चीतून ओळखीचा आवाज आला. "ट्यूबवर खरं नाव लिहा."

मी डोळे उघडले. बायको कोपरावर कापूस दाबून माझ्याकडे बघत होती.

"तुला काय झालंय? मला खरं सांग," मी माझ्या खऱ्या आवाजात म्हणालो.

"मला? काही नाही."

"मग दोनदा रक्त कशाला?"

सुईवाल्या बाईंनीच उत्तर दिलं. "साखर बघायची तर एकदा उपाशीपोटी घेतो आणि एकदा खाल्ल्यावर दोन तासांनी. सगळ्यांचंच तसं घेतो, काका."

"पण काही झालं नाही तर तपासायचं कशाला?"

"काही झालेलं नसतानाच तपासायचं असतं," बायको म्हणाली. "दरवर्षी तुम्हाला विचारते आणि दरवर्षी नेमकं त्याच दिवशी तुम्हाला दुकानात काम निघतं. यंदा विचारलंच नाही."

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तिचं सगळं उत्तम होतं. माझी साखर रेषेच्या किंचित वर सरकली होती. सकाळभर मी जो आजार तिच्यात शोधत फिरलो, तो माझ्यात बिनभाड्याने राहत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "अजून गोळीची गरज नाही. गोड कमी करा, रोज अर्धा तास चाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

घरी आल्यावर बायको माझा रिपोर्ट मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं, रडते की काय.

"घाबरलीस?"

"दरवर्षी घाबरायचे. रिपोर्ट माझा यायचा आणि काळजी तुमची लागून राहायची. आज पहिल्यांदा जरा हलकं वाटतंय."

"माझी साखर वाढलेली असताना?"

"निदान आता ठाऊक तरी आहे ना."

मी उठून चपला घातल्या. ती म्हणाली, "अर्धाच तास हं." मी म्हणालो, "पाऊण तास चालू या."