लाज हे कारण नव्हे

हत्तुरे सर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कॉलेजात यायचे. एक काळी, एक तपकिरी. कुणी हसलंच तर म्हणायचे, "डावी तुटली, उजवीनं काय पाप केलंय? कारण सांगा की!" लोक हसतात म्हणावं, तर बोट वर. "लाज हे कारण नव्हे!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे, मी मराठी. घरं शेजारी. उन्हाळ्यात ते बायकोची फुलाफुलांची छत्री घेऊन भर बाजारातून जायचे. "छत्रीला ऊन कळतं, बाईपुरुष कळत न्हाई."

त्या वर्षी कॉलेजात चर्चासत्र भरलं, 'कर्तव्य, कारणे आणि विवेक'. व्यवस्था माझ्याकडे. सरांच्या निबंधाचं नाव अर्थातच 'लाज हे कारण नव्हे'. पत्नीला, गंगाक्कांना, त्यांनी मुद्दाम आणून पहिल्या रांगेत बसवलं. बाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, मराठी कामापुरती.

पुण्याचे एक प्राध्यापक 'माणसाने कसे वागावे हे कोण ठरवते' यावर बोलत होते आणि गंगाक्का घोरू लागल्या. आधी बारीक, मग चढत्या सुरात. मागची पोरं फिसकन हसली. पाहुणे थांबले.

"या बाई कोण?" त्यांनी हसतच विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी व्यासपीठावर बसलेल्या सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली आणि कागद चाळायला लागले. कानाच्या पाळ्या लालभडक.

"आमच्याच... कुणाच्या तरी..." मी पुटपुटलो. भाषण पुढं सुरू झालं.

मग सरांची पाळी आली. ते उठले. कागदाकडं बघेचनात.

"मघाशी घोरत होत्या, त्या माझ्या पत्नी. आज पहाटे उठवून मी त्यांना हा निबंध वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा. मग पुन्हा. दुसरं कोण ऐकणार? तुम्ही विचारलंत, या कोण. मला लाज वाटली. मी गप्प बसलो." हातातले कागद मिटत ते म्हणाले, "लाजेनं मला कारण पुरवलं की. तेव्हा निबंध चूक आहे."

पुण्याचे प्राध्यापक ताडकन उठले. "अहो, तुम्ही लाजेपोटी गप्प बसलात, म्हणून ते योग्य कारण ठरत नाही! तुमचा निबंध बरोबरच आहे!"

"निबंध बरोबर असेल, तर मी चूक. कसंही धरा, वाचायला तोंड न्हाई."

कोणी टाळी वाजवली नाही. हसलंही नाही. सर खाली उतरले आणि गंगाक्कांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. मी मागंच उभा होतो.

खुर्ची हलली तशा त्या जाग्या झाल्या. पदर सावरत आधी कानडीत, मग मराठीत म्हणाल्या, "मुगीता? झाला वाचून?"

"झाला."

"लोकांनी ऐकला?"

सगळ्या सभेसमोर सरांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"मी ऐकला की घरी," गंगाक्का समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या.

"व्हय," सर म्हणाले. "तू एकटीनं ऐकलास."