अख्खा घड

मॅडमनी शनिवारची रजा नाकारली तेव्हा स्टॅनीचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी त्याच्या शर्लीचा पहिला कम्युनियन होता; चर्चमध्ये मिसा म्हणजे प्रार्थना आणि मग घरी मोठं जेवण. लेकीच्या कम्युनियनला बापाचाच पत्ता नाही म्हटल्यावर सांडोर गावभर शोभा झाली असती. वसुंधरा मॅडमनी मात्र फायलीतून मान वर न काढता "जमणार नाही" एवढंच म्हटलं होतं.

"त्यांच्या घरी जाऊन ये," त्याची बायको रिटा म्हणाली. "आणि हात हलवत जाऊ नको. आपली केळी ने."

आता सांडोरचा माणूस केळी नेणार म्हणजे अख्खा घड नेणार. पिशवीत डझनभर घालून नेणं त्याला कद्रूपणाचं वाटतं. स्टॅनीनं वाडीतला सगळ्यांत भरदार घड काढला, स्कूटरवर पायांशी उभा केला आणि धापा टाकत मॅडमच्या चौथ्या मजल्यावर नेऊन टेकवला.

"हे काय? मी लाच घेत नाही," मॅडम म्हणाल्या.

"लाच कुठे मॅडम, केळी आहेत," असं म्हणून रजेचा र न काढता स्टॅनीनं खाली धूम ठोकली.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. "स्टॅनी, सगळी एकदम पिकलीत. घरभर चिलटं झालीत. मी एकटी बाई, खाऊ तरी किती?"

"वाटायची, मॅडम."

"कुणाला?"

बाई त्या इमारतीत दोन वर्षं राहत होत्या. स्टॅनीला फार वाईट वाटलं. संध्याकाळी तो गेला आणि दोघं ताटात केळी घेऊन दारोदार वाटत फिरले. मॅडम बेल वाजवून मागे सरत, बोलायचं काम स्टॅनीकडे. दुसऱ्या मजल्यावरच्या फेलिशियाबाईंनी तर ताट रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात तळलेले बोंबील घातले. मॅडम पक्क्या शाकाहारी, पण ऑफिसात सर्रास निघणारं 'नाही' तिथे काही निघेना. बोंबील स्टॅनीनं जिन्यातच संपवले आणि त्याच भरात विषय काढला.

"मॅडम, ते शनिवारचं..."

"शनिवारची रजा तुम्ही एकट्यानंच नाही मागितलीत. कौस्तुभनं मागितली, सँड्रानं मागितली, शिपायानंसुद्धा. सगळ्यांना तुमच्याकडे जेवायला जायचंय. मी एकटीनं ऑफिसात बसून काय करायचं?"

स्टॅनी ओशाळला. साऱ्या ऑफिसला आमंत्रण गेलं होतं. मॅडमना द्यायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

"रिटा म्हणतच होती, मॅडमना घरी जाऊन सांगायचं म्हणून..." त्यानं सारं बायकोच्या नावावर खपवायला घेतलं.

"ऑफिस बंद ठेवू त्या दिवशी," मॅडम दाराला किल्ली लावत म्हणाल्या. "मिसा किती वाजता आहे?"