सासूबाईंच्या खाटेची तरतूद

आमच्या बँकेत एखादं मोठं कर्ज बुडालं की सगळ्यांचे चेहरे पडतात. माझा पडत नाही! कारण मी तरतूद विभागात बसतो. कर्जदाराचे हप्ते लांबले, तो फोन उचलेनासा झाला, की आम्ही ओळखतो, हे प्रकरण बुडणार. मग नफ्यातला काही हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवतो. पुढे कर्ज खरंच बुडालं तरी बँक डगमगत नाही. देशभरातल्या बँका याच युक्तीवर तग धरून आहेत, आणि ही युक्ती कोळून प्यायलेला माणूस आमच्या कचेरीत एकच आहे. कोण ते सांगत नाही. स्वतःची स्तुती बरी दिसत नाही.

तर त्या सोमवारी बायको म्हणाली, "आई शनिवारी येतेय. मास्तरांकडून आपली घडीची खाट घेऊन या."

मास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर. "दोन दिवसांसाठी" म्हणून त्यांनी खाट नेली, त्याला वर्ष झालं होतं. बायकोचा हातच सढळ. आमची शिडी, इस्त्री, मोठं पातेलं, सगळं इमारतभर सुखानं नांदतंय.

"मागच्या वेळी आपल्याकडे खाट नव्हती, आई जमिनीवर झोपली, तिची कंबर धरली आणि दुसऱ्याच दिवशी ती निघून गेली," बायको म्हणाली. "चार वर्षांनी येतेय. या वेळी खाट नसली तर तिच्याबरोबर मीही जाईन. सांगून ठेवते!"

तिचे डोळे पाहून मी ओठांवर आलेली थट्टा गिळली. पण मास्तरांच्या दारात उभं राहून खाट मागायची? वसुली माझ्या विभागाचं कामच नाही! मी सरळ बाजार गाठला, नवीकोरी खाट आणली आणि प्लास्टिकसकट आतल्या खोलीत उभी केली.

"ही तरतूद," मी म्हणालो.

"ही खाट आहे," बायको म्हणाली. "पण चालेल."

इथंच थांबलो असतो तर! पण तरतुदीला हात लावायचा तर जुनं येणं आधी रीतसर बुडीत ठरवावं लागतं. मी वर गेलो.

"मास्तर, तुमच्याकडची खाट आम्ही बुडीत धरली."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या हिशेबातून ती गेली. अर्थात, वसुलीचा हक्क..."

मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. "देवमाणूस आहात हो!" म्हणत ते घरच्यांना सांगायला आत पळाले, आणि माझा वसुलीचा हक्क उंबऱ्याबाहेरच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात तळमजल्यावरचा शिंपी. "साहेब, तुमची इस्त्री आमच्याकडं दोन वर्षं आहे. ती कधी बुडणार?"

त्याच्यामागे शिडीवाले. त्यांच्यामागे पातेलंवाल्या. "मास्तरांना माफ केलंत, मग आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?"

"माफ नाही हो!" मी ओरडलो. "बुडीत धरणं वेगळं, माफ करणं वेगळं! मास्तरांकडून खाट मी वसूल करणारच. आणि नाही झाली तरी मला फिकीर नाही. या, बघा!" असं म्हणून मी अख्ख्या वरातीला आत नेऊन नवी खाट दाखवली. हौस, दुसरं काय!

शेजारच्या नर्सबाईंनी खाटेवरून हात फिरवला. "बाबांना उद्या दवाखान्यातून घरी आणतेय. आमचा पलंग त्यांना उंच पडतो. जुनी खाट तुम्ही वसूल करणारच ना?"

"करणारच!"

"मग ही तर रिकामीच की!"

तर्क बिनतोड होता. वसुली पक्की असेल तर तरतूद मोकळी करायची, हे मीच नव्या लोकांना शिकवतो. चारचौघांत "वसुली होणार नाही" असं म्हणायला जीभ रेटेना. खाट गेली. प्लास्टिकसकट गेली. बायकोनं कपाटावरची बॅग फक्त खाली काढली.

माझं धाबं दणाणलं! मी तसाच वर धावलो. आमच्या खाटेवर मास्तरांचे थोरले बंधू, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पहुडलेले. "दादा, हेच ते!" मास्तर म्हणाले. दादांनी पडल्यापडल्या मला हात जोडले. आता बोला! तिथून दुकानात पळालो. दुकानदार म्हणाला, "तुम्ही नेलीत तीच शेवटची. पुढचा माल महिनाअखेरीला."

शनिवारी दारात टॅक्सी थांबली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून उतरल्या. आणि टॅक्सीच्या टपावर, दोरीनं करकचून बांधलेली घडीची खाट!

"अगं आई, हे काय?" बायकोनं विचारलं.

"जावईबापूंच्या घरी यायचं होतं ना," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना मी लग्नातच बुडीत धरलंय."

बायको खदखदून हसली. खाट डोक्यावर घेऊन जिना चढताना मला अपमान मुळीच वाटला नाही, कारण वर पोचलो तेव्हा बॅग पुन्हा कपाटावर गेली होती.

आठ दिवस सासूबाई गाढ झोपल्या. निघताना मी लाडात येऊन म्हणालो, "आई, खाट राहू द्या की इथंच. पुन्हा यायचंच आहे तुम्हाला."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमच्या बँकेत, एकदा बुडीत धरलेल्या माणसाला पुन्हा उधार देतात का हो?"

"नाही देत," मी म्हणालो.

"मग बांधा टपावर!"

बांधली. नियम म्हणजे नियम!