अजून अर्धा कप

आर्डिसचं सगळं लक्ष खिडकीबाहेर, आणि सूर्य निघालेला भराभरा धान्याच्या कोठाराकडे! मिनेसोटातला वर्षाचा शेवटचा दिवस, पाचच्या आत अंधारच. शाळेच्या छतावर सोलर पॅनेल बसले होते. शाळा कर भरत नाही, तरी सरकार करसवलतीचे पैसे रोख हातात ठेवणार होतं. फक्त पॅनेल याच वर्षात सुरू झाल्याची सही वीज कंपनीच्या माणसाने, ऊन असताना ते चालताना बघून, करायला हवी, नाहीतर पैसे वर्षभर लटकणार. आणि पॅनेलसाठी कर्ज काढायला सगळ्यांना भरीस पाडलं होतं कोणी? शाळेचे हिशेब बघणाऱ्या आर्डिसनेच.

तो माणूस, ड्युएन, समोरच बसला होता. कॉफी पीत.

आलेल्याला कॉफी न देता कामाचं बोलायचं, हे त्या गावात कुणाच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. आणि आलेल्याने ती लगेच घ्यायची, हेही नाही. ड्युएन दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा अर्धा कप घेतला. मग लिंबाच्या वड्या, त्याही दोनदा नको. मुख्याध्यापक हार्लनने बर्फाचा विषय काढला, मग मासेमारीचा, मग ड्युएनच्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरचा. आर्डिसने घसा खाकरला, तर हार्लनने तिला पाणी दिलं. तिने पडदा सर्रकन पूर्ण बाजूला सारला, तर ड्युएन म्हणाला, ऊन छान पडलंय.

"अजून अर्धा कप?" हार्लनने विचारलं.

"नको... पण तुम्ही घेत असाल तर."

सूर्य कोठाराला टेकला, आणि आर्डिसच्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, तो कप ठेवा खाली आणि छतावर चला! आत्ताच्या आत्ता!"

हार्लनची वडी तोंडाजवळच थांबली. ड्युएन कानापर्यंत लाल.

"छतावर मी आल्या आल्याच जाऊन आलो," तो हळूच म्हणाला. "शिपायाने किल्ली दिली. पॅनेल मस्त चालू आहेत. सही केलेला कागद खिशातच आहे. तुमच्यापैकी कुणी विषय काढला की द्यावा म्हटलं. आपण होऊन काढायचं म्हणजे... बरं दिसत नाही ना."

आर्डिस त्याच्या गाडीपर्यंत माफी मागत गेली. करसवलत पक्की झाली, जिवाला घोर नाही, आज शांत झोपायचं, म्हणत घरी पोचली, तर बातमी तिच्याआधीच पोचलेली. पायरीवर झाकून ठेवलेली तीन गरमागरम भांडी, बटाटा आणि खिम्याची. त्या गावात अशी भांडी फक्त मयताच्या घरी येतात.

कुंपणापलीकडून शेजारीण इंगा अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "आर्डिस, तू एवढी ओरडलीस म्हणे... कोण गेलं गं?"